जागा असूनही न मावणाऱ्या गोळ्याबद्दल

आजच्या निरोप समारंभाच्या अध्यक्षस्थानी असलेले आमचे संचालक महोदय, व्यासपीठावरचे सन्माननीय पाहुणे, विभागातले सहकारी, विद्यार्थी, आणि पहिल्या रांगेत बसून मघापासून घड्याळाकडे बघणारी माझी थोरली बहीण, सगळ्यांना नमस्कार.

माझ्याबद्दल इतकं चांगलं बोललं गेलं, की मागे दुसरं कुणी उभं आहे का, ते मी एकदा वळून बघितलं. पाहुण्यांनी 'आता आराम करा' असा प्रेमाचा सल्ला दिला. आभारी आहे, पण तो मी मानणार नाही.

मी आयुष्यभर काय केलं, हे ताईला विचारा. ती सांगेल, "चेंडू नळीत जात नाही म्हणते आणि त्याचा पगार घेते." ताई फारशी चुकत नाही. मऊ गोळा दाबून लांबवला, तर बारीक नळीतून सहज जातो. पण ग्रहांच्या, लंबकांच्या गतीमागे जी भूमिती आहे, सिम्प्लेक्टिक असं भारदस्त नाव आहे तिला, तिचे नियम पाळून दाबायला गेलात तर तो जात नाही. नळीत हवी तेवढी जागा असते, तरी जात नाही. हे सिद्ध केलं दुसऱ्यांनी. कुठल्या जागेत केवढा गोळा मावतो, एवढंच मी विचारत राहिले. नोकरी संपली, प्रश्न संपला नाही.

गेल्या आठवड्यात संचालकांनी मला चहाला बोलावलं. म्हणाले, "मॅडम, तुमच्यानंतर भूमितीचा गट चालवायला कुणी नाही. तुमची शेवटची विद्यार्थिनी आपण संख्याशास्त्राकडे देऊ. तिकडे जागा आहे."

सर, जागा आहे म्हणून माणूस मावतंच असं नाही. मी आयुष्यभर दुसरं काय शिकवलं?

ती मुलगी मागे दाराजवळ बसली आहे. तिच्याबद्दल इथे हळू आवाजात बोलतात, कारण छापायला स्वीकारलेला लेख तिने परत घेतला. का घेतला? तिच्या सिद्धतेत एक पृष्ठभाग ताणत न्यायचा होता. असं ताणताना कधीकधी शेवटी त्यातून एखादा फुगा सुटून वेगळा होतो. तो तिने हिशेबात धरलाच नव्हता. मी तपासलं, परीक्षकांनी तपासलं, कुणाला दिसला नाही. तिला दिसला. गप्प बसली असती तर आज तिच्याकडे पदवी असती आणि आपल्या वार्षिक अहवालात मिरवायला एक ओळ. ती माझ्या खोलीत येऊन म्हणाली, "मॅडम, हे खरं नाहीये." मला त्या पोरीचा फार अभिमान वाटला.

निवृत्त शिक्षकाला हाती घेतलेलं मार्गदर्शन पूर्ण करता येतं, असा आपलाच नियम आहे. मी तो वापरणार आहे. ही विनंती नाही सर, मी कळवते आहे. आमची चर्चेची खोली हवी असेल तर खुशाल घ्या. माझ्या जेवणघरात फळा लावून झाला. खडूची धूळ ताटात पडणार म्हणून ताई रुसली आहे, पण खिळे तिनेच ठोकले.

फुलांबद्दल, चहाबद्दल आणि या खुर्च्या मांडणाऱ्या प्रत्येकाबद्दल मी मनापासून ऋणी आहे. बोलण्यात काही चुकलं असेल तर माफी मागायची पद्धत आहे. आमच्या धंद्यात चूक माफ करत नाहीत, दाखवतात. तेव्हा गुरुवारी चार वाजता घरी या आणि फळ्यावर दाखवा. त्या दिवशी पहिलं व्याख्यान दाराजवळच्या त्या मुलीचं आहे. ती स्वतःची चूक समजावून सांगणार आहे.