कुलूपबंद आत्मचरित्र

कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात माझ्यापुढे एक निवृत्त मास्तर लॅपटॉप घेऊन बायकोसोबत उभे होते.

“काका, पासवर्ड आठवतच नसेल तर सगळं पुसून चालू करून देतो.”

“पुसून? अरे, तीन वर्षं आत्मचरित्र लिहितोय मी त्यात!”

“दुसरीकडे कॉपी ठेवलीय?”

“छे! कुणी वाचू नये म्हणून तर कुलूप घातलं.”

“दादा, पुसू नका. मी सांगते तो आकडा टाका. यांच्या जुन्या स्कूटरचा नंबर आहे, उलटा.”

“उघडलं की, काकू!”

“तुला गं कसा माहीत?”

“टाइप करताना मोठ्यानं पुटपुटता तुम्ही.”

“म्हणजे तू सगळं वाचलंस?”

“नुसतं वाचलं नाही, दुरुस्तही केलंय. लग्नाच्या प्रकरणात मी नुसतीच लाजत होते. आता चांगली तीन पानं बोलते.”