अश्विनच्या गावातलं दुसरं घर

या, जवळ सरका, एक गोष्ट सांगतो. रामदासपेठेतल्या गेमच्या दुकानात रुखमाबाई नातीचं दुरुस्तीला दिलेलं गेमचं मशीन न्यायला थांबल्या होत्या. पुढे एक मुलगी दुकानदाराशी बोलत होती.

"दादा, हेच मशीन दुरुस्त करा."

"दुसऱ्या कंपनीचं नवं घे ना वं ताई."

"त्यावर हा जपानी गेम चालन?"

"नाही. आपला गेम कोणती कंपनी दुसऱ्याले देते?"

"मंग नको. या गेमात माझ्या भावानं गाव वसवलं. अश्विन वारला, पण त्याचा बाहुला अजून अंगण झाडते."

"थांब, लावून पाहतो... झालं सुरू! दोघं मिळून झाडून राहिले."

"दोघं?"

"बाजूच्या घरावर 'मिनल' लिवलं हाय. कोण हे?"

"मीच. पण मी तर कधी खेळलीच नाही, दादा. त्यानंच माझं घर बांधलं असन."

रुखमाबाईंच्या हातातली जपमाळ थांबली.

देवाचं नाव घ्याल, तेव्हा त्या मिनलचीही आठवण ठेवा, बाबांनो.