सहा नंबरचं टारगेट

(औरंगाबादबाहेर डोंगराच्या पायथ्याला पोलिसांची चांदमारी. साल १९८६. नव्या तुकडीची नेमबाजीची परीक्षा नुकतीच संपलीय. टारगेटांखालच्या खंदकात दोघं जण.)

रामकिसन : दाजी, तुम्ही कशाला उतरलात हितं? पाय घसरंल. चहाचं पातेलं वर ठेवलंय, पोरं तुमच्यासाठी थांबलीत.

कडूबा : मपलं टारगेट कुठंय?

रामकिसन : आसंल की त्या ढिगात. पाचच्या पाच मधी बसल्या, आता अजून काय बघायचं त्यात? साहेबांनी सगळ्यांसमोर टाळ्या वाजवल्या. उस्ताद साठीला टेकला पण हात अजून पंचविशीत हाय, असं म्हणले. मला हितं खंदकात ऐकू आलं.

कडूबा : टारगेट काढ.

रामकिसन : समद्यांना खळ लावून ठिगळं डकवलीत. उद्या दुसऱ्या तुकडीला हीच वापरायची. एकमेकाला चिकटली असतील.

कडूबा : रामकिसन, वीस वर्षं मी पोरांना नेम शिकवतो. चाप ओढला की गोळी कुठं गेली ते खांद्याला कळतं, कागद बघायची गरज नसती. आज पाचातल्या दोन गोळ्यांना मपला हिसका बसला. हिसका बसलेली गोळी मधी जात नसती. अन् तू तर गोळी कुठं लागली ते दाखवायची काठीवरची चकती खालून पाची वेळा मधीच टेकवली.

रामकिसन : नशीब म्हणा.

कडूबा : नशिबाला एक गोळी देऊ. दोन कशा द्यायच्या?

रामकिसन : तुमच्याशी बोलणं म्हंजी दगडाशी टक्कर. घ्या. हे तुमचं पाच नंबर.

कडूबा : तू मागून बोट फिरव ह्याच्यावर. गोळी कागद फाडत जाती, मागं चिंध्या निघत्यात. हे बघ, कसं गोल, गुळगुळीत. कशानं टोचलंस?

रामकिसन : तुम्हीच मला छिद्र ओळखायला शिकवलं, अन् तुम्हालाच फसवाया निघालो. येडाच मी.

कडूबा : कशानं?

रामकिसन : पेन्सिलीनं.

कडूबा : पाची?

रामकिसन : पाची.

कडूबा : म्हंजी मपल्या टारगेटला एक बी लागली नव्हती.

रामकिसन : कोरं व्हतं दाजी. मी पुन्हा पुन्हा बघितलं. उलटं करून बघितलं, उन्हात धरून बघितलं.

कडूबा : मग गेल्या कुठं? मातीत?

रामकिसन : जाऊ द्या ना आता. झाकली मूठ सव्वा लाखाची. पुढच्या पोळ्याला तुमची पेन्शन. कशाला उकरता?

कडूबा : गेल्या कुठं, ते सांग.

रामकिसन : शेजारी. सहा नंबरवर.

कडूबा : सहा नंबर त्या नव्या पोराचं, फकिराचं.

रामकिसन : व्हय. पाच अन् सहा, दोन्ही टारगेटं आज माझ्याच हाताखाली व्हती. फायर थांबल्यावर खाली ओढली, तर पाच नंबर कोरं अन् सहा नंबरवर दहा छिद्रं. त्यातली पाच अगदी मधी, रुपयाखाली झाकतील अशी. बाकीची पाच कुठं खांद्यावर, कुठं कडंला, एक तर पार कोपऱ्यात.

कडूबा : मग तू काय केलंस?

रामकिसन : छिद्रावर कुणाचं नाव असतंय का दाजी? म्या इचार केला, नजरेनं नंबर चुकला आसंल, पण हात कसा चुकंल? तुमच्या हातच्या गोळ्या मी काय आजच बघतोय? मधली पाच ती उस्तादाचीच, असं धरलं. मग तेवढ्यांवर खळ लावून ठिगळं डकवली, अन् तुमच्या कागदावर तितकीच मधी टोचली. कडंची पाच त्या पोराची म्हणून दाखवली. माझ्या मनानं म्या कुणाचं काही खाल्लं नव्हतं. तुमचं तुम्हाला, त्याचं त्याला.

कडूबा : मधली त्याची व्हती.

रामकिसन : कशावरून?

कडूबा : मला माशीच दिसत नव्हती.

रामकिसन : नळीच्या टोकाची?

कडूबा : तीच. नजर माशीवर ठेवा, टारगेट धुकट दिसलं तरी चालंल, पण माशी कोरीव दिसली पाहिजे. किती पोरांना सांगितलं आसंल म्या हे. अन् मलाच दोन-तीन सालापासून नळीवर सुरवंट बसल्यावाणी दिसतं. निस्ता केसाळ. चष्मा लावला की माशी नीट दिसती, पण टारगेट गायब. काढला की टारगेट येतं, ते बी एकाला एक चिकटलेलं. आज समोर पांढरं दिसलं, त्याच्यावर मारल्या. उस्ताद म्हणवणारा माणूस अंदाजानं गोळ्या मारत व्हता, रामकिसन.

रामकिसन : चष्मा कधी घेतला, ते तरी सांगायचं.

कडूबा : गुलमंडीत घेतला. कुणाला दाखवला नाय. ड्यूटीवर मोज्यात ठेवतो.

रामकिसन : साळूअक्काला माहीत हाय.

कडूबा : काय?

रामकिसन : मोज्यातलं. मोजे कोण धुतं दाजी?

कडूबा : तुला कोण म्हणलं?

रामकिसन : तीच. मागल्या साली पंचमीला माहेरी आली व्हती तवा. म्हणली, ह्यांना भाकरीवरला केस दिसत नाय अन् चांदमारीला जात्यात. मला बोलायची सोय नाय, घरात दोन दिवस अबोला धरतील. तू भाऊ हायेस, खंदकात तूच असतोस. त्यांची लाज राख, म्हणली.

कडूबा : मागल्या साली.

रामकिसन : व्हय.

कडूबा : म्हंजी मागल्या साली बी पेन्सिल?

रामकिसन : दोनच. तीन खऱ्या व्हत्या. तुमची आण.

कडूबा : मागल्या साली मला ढाल मिळाली. कपाटावर हाय. साळू रोज सकाळी पदरानं पुसती.

रामकिसन : पुसती ना.

कडूबा : माहीत असून पुसती.

रामकिसन : दाजी, बसा जरा. त्या पोत्यावर बसा.

कडूबा : मी घरात पाय कसा टाकू आता? मला वाटायचं मी तिच्यापासून लपवतो. तीच मला सांभाळत व्हती. पोलीस ॲक्शन झाल्यावर पहिल्या भरतीत आलो, तवा शाळा चौथी अन् पायात चप्पल नाय. निस्त्या नेमावर घेतलं मला. पोरगी देताना तुमच्या बापानं बी दुसरं काय बघितलं व्हतं? ह्याच्याशिवाय मपल्यात काय व्हतं?

रामकिसन : मग तेवढंच राहू द्या की लोकांच्या तोंडात. फकिरा तरणा हाय. तीन महिन्यानं परत परीक्षा देईल, पास होईल. पण हे वर गेलं तर मी घरी बसतो अन् तुमची पेन्शन लटकती. आपलेच दात अन् आपलेच ओठ. कुणाला सांगणार?

कडूबा : त्याच्या तुकडीची परेड बारा दिवसांवर आलीय. त्याला तीत उभं राहता यायचं नाय. दगडाबाई, त्याची आई, चितेगावाहून बघायला येणार व्हती. सगळ्या आळीला सांगून बसलीय म्हणं. तुकडीत सगळ्यात चांगला म्हणून म्याच त्याला शेजारी पालथं पडायला सांगितलं. उस्तादानं परीक्षेला पोरांच्या ओळीत पडून फायर करायचा, ही रीत बी मपलीच. कुणी सांगितली नव्हती. मिरवायला पाहिजे व्हतं मला.

रामकिसन : हळू बोला. कुणीतरी येतंय.

फकिरा : उस्ताद, रिकामी काडतुसं गोळा करून पेटीत भरली. पेटीला कुलूप लावलं.

कडूबा : बरं.

रामकिसन : जाय मग, चहा घे. थंड होईल.

फकिरा : उस्ताद, एक विचारायचं होतं. मी उद्या घरी गेलो तर चालेल का?

कडूबा : सुटी पाहिजे?

फकिरा : सुटी नाही. कायमचाच.

कडूबा : कामून?

फकिरा : नापास झालो म्हणून नाही, उस्ताद. चुकलो असतो अन् मला कळलं असतं की चुकलो, तर परत शिकलो असतो. पण मला पाची गोळ्या बरोबर गेल्यासारख्या वाटल्या. तुम्ही सांगितलं तशी नजर माशीवर ठेवली. श्वास अर्धा सोडला, चाप हळू ओढला. खांदा म्हणत होता मधे गेली. दर वेळी म्हणत होता. अन् चकती दाखवते, सगळ्या कडेला. मग मी कुणाचं खरं धरू? ज्याचं अंगच त्याच्याशी खोटं बोलतं, त्यानं रायफल हातात घेऊ नये. उद्या एखाद्याचा जीव जाईल.

रामकिसन : पोरा, आज दमलास तू. उद्या बोलू.

कडूबा : पाची मधीच गेल्या.

फकिरा : काय?

कडूबा : तुझ्या पाची गोळ्या मधी गेल्या.

फकिरा : माझं मन राखू नका, उस्ताद. त्यानं जास्त वाईट वाटतं.

कडूबा : रामकिसन, सहा नंबर काढ.

रामकिसन : दाजी, एकदा इचार करा.

कडूबा : खळ ओली हाय तवर काढ. वाळल्यावर कागद फाटंल. थांब, मला जरा खाली वाकू दे. काय बघतोस फकिरा? चष्मा हाय. मोज्यातला हाय म्हणून वास येत आसंल.

फकिरा : तुम्हाला चष्मा आहे?

कडूबा : हाय. हे मधलं ठिगळ नखानं उचल. सावकाश. त्याच्या शेजारचं बी.

फकिरा : खाली छिद्र आहे. ह्याच्या खाली पण. उस्ताद, ही तर सगळी एका जागी आहेत.

कडूबा : ती तुझी.

फकिरा : अन् ही कडेची?

कडूबा : मपली.

फकिरा : तुमची कशी असतील? तुम्ही पाच नंबरवर होतात.

कडूबा : मला नंबर दिसला नाय. मला माशी बी दिसत नाय. आज नाय, लई दिवसांपासून. तुझं टारगेट मपलं समजून म्या त्याच्यावर गोळ्या मारल्या.

रामकिसन : अन् तुझी झाकली ती म्या. पाच नंबरवर पेन्सिलीनं टोचली ती बी म्या. चांगली तेवढी उस्तादाची असणार, असं धरलं. उस्तादांना ह्यातलं आत्ता कळलं, तू यायच्या आधी.

फकिरा : तुम्ही खंदकात होतात सगळा वेळ?

रामकिसन : व्हय.

फकिरा : मी रायफल डोक्यावर धरून मैदानाला फेऱ्या मारत होतो तेव्हा पण?

रामकिसन : हितून मैदान दिसत नाय.

फकिरा : आवाज तर येतो.

रामकिसन : येतो.

फकिरा : मग वर का नाही आलात?

रामकिसन : काय सांगू तुला? तुझ्या जागी दुसरं कुणी पडलं असतं, तरी म्या हेच केलं असतं. तुझ्यावर राग नव्हता. तू ध्यानातच नव्हतास माझ्या.

कडूबा : चोर सोडून संन्याशाला फाशी दिली, अन् फाशी द्यायला मी उभा. चल फकिरा. साहेब जीपमधी बसायच्या आत गाठू. हा कागद तूच धर, दोन्ही हातांनी.

रामकिसन : मी बी येतो, दाजी. पेन्सिल माझी व्हती. फक्त अक्काचं नाव तेवढं मधी आणू नका.

कडूबा : तिचं नाव कशाला आणू? तिला मी घरी जाऊन तोंड दाखवतो, तेवढं पुरं हाय.

फकिरा : उस्ताद, साहेबांना सांगितलं की माझा निकाल बदलेल. तेवढ्यावर राहू द्या. पोरांना नका सांगू.

कडूबा : पोरांसमोर तुला मी काय बोललो व्हतो?

फकिरा : जाऊ द्या ना.

कडूबा : बोल.

फकिरा : तुमच्या ध्यानात नाही?

कडूबा : ध्यानात हाय. तुझ्या तोंडून ऐकायचंय.

फकिरा : म्हणालात, आंधळ्याच्या हातात सरकारनं रायफल दिली. घरी जा अन् आईसंग गोवऱ्या थाप.

कडूबा : उद्या हजेरीला सगळी तुकडी उभी राहील. तवा हेच परत बोलणार हाय मी. मपलं नाव घेऊन.

फकिरा : नका, उस्ताद. मला नाही ऐकवणार ते.

कडूबा : तू आज पळता पळता ऐकलंस. मी उभ्यानं बोलीन.