फूटभर आखूड

अध्यक्ष : ताई, आधी चहा घ्या.

टेलरताई : हा तिसरा चहा, भाऊ. पालक संघाचं अध्यक्षपद घेतलंत की चहाचं दुकान काढलंत? आधी पडदा वर चढवू या.

अध्यक्ष : चढवू की. घाई काय आहे? नाटक पाचला. आत्ता कुठे अडीच वाजतायत.

टेलरताई : घाई काय आहे म्हणे! चोवीस फुटांचा पडदा, दोन भाग, ऐंशी कड्या. शिडीवर चढून एकेक अडकवायची. बस चालवताना प्रवाशांनाही असंच सांगता का?

अध्यक्ष : प्रवाशांना मी काही सांगत नाही. तेच मला सांगतात. पण काय रंग आहे हो पडद्याचा! गर्द निळा. नाटकाच्या बाई तर बघतच राहिल्या.

टेलरताई : रंग दुकानदाराचा. माझी फक्त शिलाई. विषय बदलू नका.

अध्यक्ष : विषय कुठे बदलतोय? पडद्याबद्दलच बोलतोय. मागच्या वर्षीचं आठवतंय ना? पडदा म्हणून दोन चादरी. एका स्टुलावर मी, दुसऱ्या स्टुलावर दातांचे डॉक्टर. हात वर करून वीस मिनिटं उभे.

टेलरताई : आणि तुम्ही शिंकलात.

अध्यक्ष : शिंक काय सांगून येते?

टेलरताई : चादर खाली आणि राजा अर्ध्या विजारीत! आख्ख्या हॉलसमोर! बिचाऱ्याला वर्षभर कुणी नावाने हाक मारली नाही. ‘ए विजार’ म्हणायचे.

अध्यक्ष : तेव्हाच ठरवलं मी. पालक संघाच्या पहिल्याच सभेत उभा राहिलो आणि म्हटलं, सहलीचं नंतर बघू, फुटबॉलचं नंतर बघू, सहावी ते आठवीच्या या पोरांना आधी एक धड पडदा पाहिजे. दोन रविवार सगळ्यांनी मिळून लोकांच्या गाड्या धुतल्या, तेव्हा कुठे कापड आलं. डॉक्टरांनी तर एकट्याने अकरा स्कूटर धुतल्या.

टेलरताई : टूथब्रशने. संध्याकाळपर्यंत रांग हलेना. भाऊ, बारकी कुठाय? मघाशी इथेच होती.

अध्यक्ष : तिला जरा शिपाईमामांकडे पाठवलंय. हॉलची किल्ली आणायला.

टेलरताई : हॉल उघडाय. आपण आत बसून चहा पितोय.

अध्यक्ष : अरेच्चा. खरंच की.

टेलरताई : माझ्या पोरीला मुद्दाम बाहेर पाठवलंत. काय झालंय? सरळ सांगा.

अध्यक्ष : तुम्ही आधी बसा.

टेलरताई : मी उभीच बरी आहे.

अध्यक्ष : पाईप वर गेला.

टेलरताई : कुठला पाईप?

अध्यक्ष : पडद्याचा. मी माप घेऊन भिंतीवर खूण केली होती ना, तिथे नळवाल्यांनी ड्रिल लावलं तर भिंतीतून नुसता भुगा. पाईप धरेचना. मग त्यांनी तो वर घेतला, पक्की भिंत लागेपर्यंत.

टेलरताई : किती वर?

अध्यक्ष : फूटभर.

टेलरताई : फूटभर!

अध्यक्ष : हळू, ताई. शेजारच्या वर्गात आठवीचा पेपर चाललाय.

टेलरताई : हे झालं कधी?

अध्यक्ष : मंगळवारी.

टेलरताई : आज शुक्रवार! म्हणजे बुधवारपासून तीनदा फोन करून माझ्या शिलाई मशीनची तब्येत विचारत होतात, ते यासाठी?

अध्यक्ष : प्रत्येक वेळी सांगणारच होतो हो. शप्पथ. पण बुधवारी फोन केला, तर तुम्ही म्हणालात, पडदा शिवून झाला. आणि लगेच म्हणालात, आज बारकी शाळेतून घरी येईपर्यंत वाटेत बोलत होती, पहिल्यांदाच. मग माझी जीभच उचलली नाही. म्हटलं, मशीन बरं आहे ना? आणि ठेवला फोन.

टेलरताई : आता काय सांगू मी तिला? सांगा ना. दीड वर्ष झालं या शाळेत, वर्गात तोंड उघडलेलं नाही पोरीने. हजेरीलासुद्धा नुसता हात वर करते. नाटकात झाड हो म्हटलं तरी नको म्हणाली. आणि त्या दिवशी बाईंनी विचारलं, पडदा कोण ओढणार, तर हिने हात वर केला. सगळ्यांच्या आधी! घरी येऊन मला तीनदा सांगितलं. त्या दिवसापासून आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीच्या पडद्याला दोरी बांधलीय, तो एक क्षण जागेवर नाही. मी भाजी चिरतेय, उघडला. मीठ घालतेय, बंद झाला. आणि आज हा पडदा वर लावला, की खालून सगळ्यांचे पाय दिसणार!

अध्यक्ष : पाय तर पाय. दिसू देत की.

टेलरताई : लोक हसतील.

अध्यक्ष : पायांना हसतील.

टेलरताई : तिला नाही कळणार ते. दोरी तिच्या हातात असेल. तिला वाटेल, मलाच हसले. मग परत कधी हात वर करायची नाही. मी ओळखते तिला, मीही अशीच होते.

अध्यक्ष : मी विचार करून ठेवलाय ना, ताई. तीन रात्री झोपलो नाही. एक, स्टेजच्या कडेला कुंड्यांची रांग लावू. दोन, खाली निळा कागद चिकटवू. तीन, पडदा बंद असेल तेवढा वेळ पोरांना बाकावर पाय वर घेऊन बसवू.

टेलरताई : आणि सिंहासन? त्यालाही पाय वर घ्यायला सांगणार?

अध्यक्ष : चार, मी परत चादर धरतो. आज सकाळपासून शिंक नाही आलेली.

टेलरताई : गप्प बसा हो! मला हसवू नका. मी चिडलेय.

अध्यक्ष : चिडा. चिडायलाच पाहिजे. मीही माझ्यावर चिडलोय.

टेलरताई : एक मिनिट. फूट म्हणालात. नक्की फूटच? अंदाजे की मोजून?

अध्यक्ष : मोजून. नळवाल्यांनी टेप लावून दाखवलं. बारा इंच. ना जास्त ना कमी.

टेलरताई : माझ्या पिशवीतलं ब्लेड कुठाय?

अध्यक्ष : ब्लेड? ताई, एवढं काही झालेलं नाही हो...

टेलरताई : अहो, उसवायला! आणि त्या टोकाला बसा. पडद्याची खालची कड उलटा. काय दिसतंय?

अध्यक्ष : दुमडलंय. बरंच दुमडलंय. ही केवढी पट्टी आहे? आत भरपूर कापड आहे!

टेलरताई : बारा इंच माया आहे. तेवढी मी आत दुमडून टीप मारलीय. टीप उसवली की पडदा फूटभर खाली उतरेल.

अध्यक्ष : देवा! म्हणजे तुम्हाला माहीत होतं?

टेलरताई : मला कसं माहीत असणार? तुम्ही सांगितलंत का?

अध्यक्ष : मग ठेवलंत कशाला एवढं?

टेलरताई : हसणार नाही ना?

अध्यक्ष : मी या क्षणी तुमच्या पाया पडायच्या तयारीत आहे. हसतो कसला?

टेलरताई : वीस वर्षं मी या शाळेचे गणवेश शिवतेय. सहावीतलं पोर आठवीत जाईपर्यंत कुठच्या कुठे जातं. जूनमध्ये घोट्यापर्यंत असलेली पँट सहा महिन्यांत नडगीवर. म्हणून प्रत्येक कपड्याला खाली माया ठेवायची, वाढत्या अंगाची. हात आपोआप तसेच चालतात आता. पडदा कापताना कुणी तरी विचारलं, कुणाचं आहे हे? मी म्हटलं, शाळेचं. आणि शाळेचं म्हटल्यावर... ठेवली माया.

अध्यक्ष : पडदा वाढेल म्हणून?

टेलरताई : म्हटलं होतं ना, हसू नका! टीप मारून झाल्यावर माझ्या लक्षात आलं. कपाळावर हात मारला. घरात कुणाला सांगितलं नाही, सांगितलं असतं तर यांनी जन्मभर चिडवलं असतं. शिवाय त्यात दोन मीटर कापड जास्त गेलं. सभेत डॉक्टरांनी विचारलं ना, मापापेक्षा दोन मीटर जास्त कशाला?

अध्यक्ष : तुम्ही म्हणालात, कापड आटतं.

टेलरताई : थाप मारली. हे कापड मेलं जन्मात आटायचं नाही.

अध्यक्ष : आणि मी तुमच्यासाठी भांडलो! म्हटलं, डॉक्टर, दातातलं तुम्हाला कळतं, कापडातलं ताईंना!

टेलरताई : म्हणून तर तुमच्याकडे बघायचीही लाज वाटत होती मला. तुम्ही फोनवर मशीनची चौकशी करायचात, तर वाटायचं, यांना कळलं.

अध्यक्ष : म्हणजे तीन दिवस मी तुम्हाला घाबरतोय आणि तुम्ही मला! धन्य आहे आपली. द्या ते ब्लेड.

टेलरताई : कापडाला लावू नका. धागा उचला, मग कापा. मधला एकेक सोडून. हां. हात जड आहे तुमचा.

अध्यक्ष : स्टिअरिंगचा हात आहे, ताई.

बारकी : काका, मामा म्हणाले, हॉल उघडाच... आई! उसवतेस काय?

टेलरताई : घाबरू नको. पाईप जरा वर लागलाय, म्हणून लांबी सोडतेय. ये, तू मधून सुरू कर.

बारकी : पुरेल?

टेलरताई : पुरेल.

बारकी : नक्की? पाय नाही दिसणार?

अध्यक्ष : नखसुद्धा नाही दिसणार. तुझ्या आईने सगळी तयारी आधीच करून ठेवली होती.

टेलरताई : अध्यक्ष, उसवा गुपचूप.

बारकी : इथे रेघ राहिली, आई. दुमडलेली. आणि बारीक भोकं दिसतायत.

टेलरताई : राहू दे. तुझ्या प्रत्येक फ्रॉकला होती तशी. लांबून कुणाला दिसत नाही.

अध्यक्ष : बारके, दोरी ओढायची प्रॅक्टिस झाली ना पण? सोपंच आहे म्हणा, धरायची आणि ओढायची.

बारकी : नाही, काका. तसं नाही. दोरी आधी ढिली असते. ती हळूच ताणून घ्यायची. मग पहिले दोन हात सावकाश. कड्या सरकायला लागल्या, की मग भराभर. आणि शेवटचा एक हात परत सावकाश. नाहीतर पडदा भिंतीला आपटतो आणि परत येतो.

अध्यक्ष : अगं, हे तर क्लचसारखं झालं! एकदम सोडला की गाडी गचका खाते. नव्या ड्रायव्हरांना हे शिकवायला मला महिना लागतो. तुला कुणी शिकवलं?

बारकी : कुणी नाही. खिडकीवर कळलं.

अध्यक्ष : ऐकलंत, ताई? दहा वाक्यं बोलली माझ्याशी. मी मोजली.

टेलरताई : मोजू नका. बोलू दे.

(पाच वाजून दहा मिनिटं. पडद्यामागे, दोरीपाशी. सगळे कुजबुजत.)

अध्यक्ष : हॉल गच्च भरलाय. दार धरून उभी आहेत माणसं. दातांचे डॉक्टर पहिल्या रांगेत, हात बांधून बसलेत.

टेलरताई : तुम्ही नाक धरून ठेवा.

अध्यक्ष : आता काय माझ्या नाकावर आहे? आलीच शिंक तर येऊ दे.

बारकी : आई, पडदा जमिनीला टेकलाय. मी वाकून बघितलं. चारही कोपरे.

टेलरताई : मीही बघितलं. दोरी नीट धरलीस ना गं?

बारकी : धरली.

टेलरताई : बाईंनी बोट वर केलं बघ. चल.

बारकी : दोरी ताणून... हळू... हळू...

अध्यक्ष : वा! कसा जातोय! लोण्यासारखा!

टेलरताई : शू! ओढ, राणी. आता भराभर. शाब्बास. शेवटचा सावकाश... थांबला. नाही आपटला!

बारकी : आई. हे काय? टाळ्या कशाला वाजवतायत? स्टेजवर तर अजून कुणीच आलेलं नाही.

टेलरताई : पडद्याला वाजवतायत.

बारकी : पडदा तर तू शिवलास.

टेलरताई : आणि उघडला कुणी?

अध्यक्ष : डॉक्टर उभे राहून वाजवतायत हो! सगळाच हॉल उभा राहिला! बारके, ऐकतेस ना?

टेलरताई : काय झालं गं? रडतेस की हसतेस?

बारकी : आई... बंद करून परत उघडू?