चंद्रीसाठी रेकॉर्ड केलेली हाक

आमचं मूळ कोल्हापूरचं, गवळी गल्लीतलं. पणजोबांनी म्हशी पाळल्या, मग आजोबा, मग आमचे अण्णा, आणि चौथा मी, इथं आखातात, रास अल खोरला, पनीर-श्रीखंडाचं वर्कशॉप टाकून बसलोय. काय सांगू तुम्हाला, आमच्या घराची खरी इस्टेट म्हणजे हाक. धारेला बसताना द्यायची, हो-होऽऽ चंद्रेऽऽ, अशी लांब, शेवटी खाली सोडलेली, म्हशीचं नाव बदलेल पण सूर पणजोबांपासून तोच, आणि ऐकली की म्हैस पान्हा सोडणार म्हणजे सोडणार. दिवाळी पाडव्याला शिंगं रंगवून म्हशी पळवतात ना आमच्याकडं, तेव्हाही त्याच हाकेमागं पळायच्या. ही हाक परक्याच्या हाती द्यायची नाही, असं अण्णांनी लहानपणीच बजावलेलं.

यंदा अण्णांचं घशाचं ऑपरेशन झालं नि आवाजच गेला. मी एकुलता एक. आईचा फोन, येतोस का बाबा, नाहीतर म्हशी काढाव्या लागतील. मी म्हटलं, आई, सीझन आहे, ऑर्डरी आहेत, इन्शाल्ला पाडव्याला बघू. ती म्हणाली, इन्शाल्ला म्हणजे नाही, असंच ना रे? इथं राहून गेलेली ती, तिला काय सांगणार. खलास, म्हशी गेल्या.

त्यातली चंद्री कागलकडच्या एकानं नेली. आठवड्यात त्याचा फोन, साहेब, म्हैस सडाला हात लावू देईना, सारखी रस्त्याकडं बघतीया, वडील तर बोलत न्हाईत, तुमीच तेवढी हाक मारा. मी वर्कशॉपमध्ये उभा, पोरं यल्ला यल्ला करत पेट्या भरतायत. नाही म्हणणार होतो, पण भरलेली कास डोळ्यांपुढं आली, सुजली तर जनावर तडफडणार. मशीन बंद करायला लावली आणि मारली हाक. सगळे बघायला लागले, सेठ को क्या हुआ. आणि तिकडून फोनमधून बादलीत पडणाऱ्या धारांचा आवाज आला हो. तो माणूस खूश, देव तुमचं भलं करो म्हणाला, आणि मी कोल्ड रूममध्ये जाऊन रडलो.

परवा चौकशीला फोन केला, चंद्री कशी आहे. म्हणाला, मजेत, तुमची हाक रेकॉर्ड केलीया, सकाळ-संध्याकाळ लावतो.

अल नहदाला घरी सांगितलं तर मुलगी म्हणाली, डॅड, इट्स जस्ट अ साउंड, चिल. असेल. पण चंद्रीला वाटत असणार ना, घरचं माणूस आलं म्हणून. मी इथं पनीर मोजतोय आणि माझा आवाज तिथं रोज तिला फसवतोय. अण्णांना सांगायचा धीर होत नाही. आई म्हणते, रिकाम्या गोठ्यात बसतात आणि नुसते ओठ हलवतात. मला शिव्या घालायच्या म्हटल्या तरी आता त्यांना घालता येत नाहीत, तेच जास्त लागतं.

जिथं आहे तिथं सुखात राहू दे बिचारी, भरपूर दूध देऊ दे त्या माणसाला. फक्त हाक ऐकून मान वळवते तेव्हा कोणाला शोधते, ते मला कोणी सांगू नये.