दोन चादरी, एक गादी

नाही नाही, ती मशीन नका घेऊ, तिच्यात आत्ताच कुणीतरी कुत्र्याची घोंगडी धुऊन नेलीय — मी डोळ्यांनी बघितलं, रबराच्या कडेला केस चिकटलेत अजून. शी. या बाकावर बसा. कडेला नको, कडेला कसलंसं चिकट आहे. मघाशी तुम्ही फोनवर ‘अहो, उचला ना’ म्हणालात, तेव्हा मी दचकलेच, या तळघरात आपली भाषा कुठून आली म्हणून. नाहीतर इथं कोण कुणाशी बोलतं? कोणी नाही. एवढी मोठी बॅग म्हणजे महिन्याचे कपडे साठवलेत वाटतं. मी रोज येते. एक चादर आणि एक अभ्रा. हसा, हसा — सगळेच बघतात माझ्याकडे.

खाली निदान गरम असतं, आणि दिवसा मला घरात बसता येत नाही ना. घर म्हणजे — आता तुम्हाला काय सांगायचं, तुम्ही परक्या. पण परक्या आहात म्हणूनच सांगवतं. याच इमारतीत वर एक खोली आहे, तिच्यात पलंग एक, आणि त्या पलंगावर दिवसा एक माणूस झोपतो. नवरा नाही हो, नवरा दिवसपाळीला असतो, गोदामात. हा दुसरा, रात्रपाळीवाला. दोघांनी मिळून घेतलेली खोली — तो उठला की हा आडवा होणार, हा उठला की तो. चादर ज्याची त्याची, गादी एकच. आणि हे मला कधी कळलं? इथं पोचल्यावर. फोनवर मला दिसायची ती फक्त खिडकी. नवरा कायम तिथंच उभा राहून बोलायचा — निळा पडदा, कठड्यावर हिरवं रोप, मी आईला बोलावून दाखवायचे, बघ गं, किती प्रसन्न जागा आहे. ते रोप प्लास्टिकचं निघालं. त्याचं एक पान तुटलंय, ते काळ्या चिकटपट्टीनं डकवलंय. दोन विमानं बदलून, पाय सुजवून घेऊन आले, त्या गादीवर टेकले, तर ती गरम. म्हणजे कुणाच्या तरी अंगानं गरम. अशी ताडकन उठले की डोकं फळीवर आपटलं. नवरा म्हणतो, ‘अगं, दादा आत्ताच कामावर गेले.’ चहा आत्ताच गाळलाय म्हणावं, तसं.

दादा म्हणे. मी त्याला घुबड म्हणते, मनातल्या मनात. तोंड धड बघितलेलं नाही मी त्याचं — आम्ही वर चढायला लागलो की तो जिन्यात भिंतीला चिकटून उभा राहतो, मान खाली, जसं काही मीच त्याला ओरडणार आहे. वास मात्र अंधारातही ओळखीन. मासळीच्या कारखान्यात असतो, बर्फात हात घालून मासे साफ करतो, आणि तो वास कापसात मुरलाय, माझ्या धुतलेल्या चादरीतून वर येतो. परवा साबणावर काहीतरी चमकत होतं, टिकली समजून उचललं — खवला. नखं कापून खिडकीतच ठेवतो. झोपमोड नको म्हणून बेलची तार काढून टाकलीय, फोन बुटात कोंबून ठेवतो, बाहेर कुणी मेलं तरी याला पत्ता नाही. आणि घरी काय सांगितलंय? सुपरवायझर आहे. मी नवऱ्याला स्पष्ट सांगितलं, एक तर तो जाईल, नाहीतर मी परत जाईन. आज संध्याकाळी हा बोलणार आहे त्याच्याशी, दुसरीकडे सोय बघा म्हणून. सुटले.

पण खरं सांगू का — किळस नुसती त्याचीच येते असं नाही. वर गारठा फार. संध्याकाळी तो जिना उतरला की मी घाईघाईनं वर जाते, नवरा बूट काढतोय तोवर चादर अंथरते आणि त्याच्या अंगानं पडलेल्या खळग्यात शिरते, गादी गार व्हायच्या आत. इथं आल्यापासून मला झोप लागते ती तेवढीच. त्या परक्या माणसाच्या उबेत. मग जाग आली की अंगावर पाल पडल्यासारखं होतं, आणि उजाडलं की चादर घेऊन मी इथं. हे मी — नवऱ्यालासुद्धा बोलले नाही मी हे. तुम्ही विसरून जा बरं.

टाका ना कपडे, ती पलीकडची मशीन चांगली आहे. धुवायचे नाहीत? मग बॅग कशाला — हो की, विमानाची पट्टी अजून लोंबतेय. आजच आलात? एकट्या, टॅक्सीनं? उद्या येणार असं समजले असतील ते, लांबच्या प्रवासात दिवसांचा घोळ होतोच, माझ्या वेळी ह्याचाही झाला होता. दार वाजवलंत का? आणि कुणीच उघडलं नाही. बघू, घराचा फोटो आहे ना तुमच्याकडे, दाखवा, मी ओळखीन, या इमारतीतल्या सगळ्या —

निळा पडदा.

हो. ते पान. चिकटपट्टीच आहे ती.

सुपरवायझर. हो, बरोबर — म्हणजे तसे ते सुपरवायझरच आहेत, तिथं सगळ्यांनाच सगळं करावं लागतं. स्वभाव शांत. जिन्यात नेहमी बाजूला उभे राहतात, आम्हाला वाट देतात. मला कुणी बोललंच नाही हो तुम्ही येणार म्हणून. तुम्हालाही कुणी काही —

ही किल्ली घ्या. दार खांद्यानं ढकलावं लागतं. हळूच उठवा त्यांना, दचकतील. माझं काय, मी ह्याला फोन लावते आत्ता. काही नाही, संध्याकाळचं एक काम सांगितलं होतं, ते नको म्हणून सांगते. बॅग कडेनं उचला, जिना अरुंद आहे. आणि मी मघाशी जे —

जा ना तुम्ही. माझी चादर व्हायचीय अजून.