एकशे शेहेचाळीस

अभिजीत : चहा नंतर, आई. आधी सांग, पप्पांचा बेल्ट कुठे आहे?

अपर्णा : कोणता बेल्ट? कपडे तं तेरवीच्या वक्तीच देऊन टाकले सारे.

अभिजीत : कपड्यांचा नाही. छातीला लावायचा, ठोके मोजायचा. मी एक जुलैला वाढदिवसाचा आणून दिला होता तो.

अपर्णा : असन कुठंतरी. नागपूरहून पहिल्या बसनं सौंसरले तू हे विचाराले आला काय?

अभिजीत : हेच विचारायला आलो. अकरा दिवस झाले, रोज सकाळी साडेसहाला माझ्या मोबाइलवर येऊन राहिलं, ‘हेमंत यांनी व्यायाम सुरू केला.’ पप्पांना जाऊन दोन महिने झाले आई. पहिल्या दिवशी मी दात घासून राहिलो होतो. तिथेच मोरीत खाली बसलो.

अपर्णा : तुह्या मोबाइलवर बी येते ते?

अभिजीत : मीच जोडून ठेवलं होतं. पप्पा रोज घरातली व्यायामाची सायकल मारतात की टाळतात, ते कळावं म्हणून.

अपर्णा : मले काय माहीत बापा. माहीत असतं तं लावला नसता.

अभिजीत : म्हणजे तूच.

अपर्णा : मीच. आणखी कोण राहाते या घरात?

अभिजीत : मला कळत होतं तूच असशील. तरी अकरा दिवस मी फोन करून विचारलं नाही. वाटलं, विचारलं तर ते यायचं बंद होईल. घरी शिवानीलाही नाही सांगितलं.

अपर्णा : ती पट्टी ओली केल्याशिवाय ठोके पकडत नाई. पाणी लावलं का त्याईच्या घामाचा वास उठते. अजून उठते. पहिल्या दिवशी मी तशीच हातात धरून बसली होती, सायकलवर चढलीच नाई.

अभिजीत : आणि मग?

अपर्णा : मंग चढली. मोबाइल त्याईचाच, सामने त्याईनं ठेवला तिथंच ठेवला. माह्यानं एकशे एकतीसच्या वर जाणं होत नाई बेटा. तिथं डोळ्यासमोर अंधारी येते, कानात धडधड ऐकू येते.

अभिजीत : तू वेडी झाली का? घरात एकटी असते तू. काही झालं तर पाणी द्यायला कोणी नाही.

अपर्णा : मले पाहाचं होतं, एकशे शेहेचाळीसले माणसाले कसं होते.

अभिजीत : एकशे शेहेचाळीस काय?

अपर्णा : शेवटचा आकडा. मी कणीक मळून राहिली होती. ते आतून म्हणे, ‘अपर्णा, थांबू का? दम लागून राहिला.’ मी तशाच भरल्या हातानं गेली, मोबाइल पाह्यला. एकशे शेहेचाळीस, आन हिरवं. मी म्हटलं, हिरवं आहे, होऊ द्या अजून पाच मिनिटं. कणीक पुरी झाली नाई तं सायकलचा आवाज बंद झाला.

अभिजीत : हे तू सांगितलं नव्हतं.

अपर्णा : कोणाले सांगू? मी एकशे एकतीसले मरून राहिली. ते त्याच्याहून पंधरा वर होते, आन मले विचारून राहिले होते.

अभिजीत : आई, ऐक. तू चूक काहीच नाही सांगितलं. डॉक्टर म्हणाले होते, लालमध्ये जाऊ नका, बस. लाल एकशे अठ्ठेचाळीसला सुरू होतं. पप्पा हिरव्यातच होते. आणि चूक म्हणशील तर बेल्ट मी आणला. दोन महिने मी तेच घोकून राहिलो.

अपर्णा : ते अठ्ठेचाळीस कुठून आलं?

अभिजीत : वयावरून. दोनशे वीसमधून वय वजा करायचं, त्याचे नव्वद टक्के. पप्पा छप्पन्नचे.

अपर्णा : नव्हते.

अभिजीत : काय नव्हते?

अपर्णा : छप्पन्नचे नव्हते. साठचे होते. पासष्ट सालचा जन्म, पाकिस्तानची लढाई झाली ते साल, पोळ्याच्या गोटमारीच्या दुसऱ्या दिवशी. तुह्या आजीनं मले लग्नातच सांगतलं होतं.

अभिजीत : आम्ही तर एक जुलैला केक कापायचो.

अपर्णा : ते शाळेचं. दहा वर्सांचे होईपर्यंत ढोरं राखली त्याईनं. मंग तुह्या आजोबानं शाळेत नेलं आन गुरुजीले सांगतलं, सहाचा आहे. नोकरी लागली तं चार वर्सं जास्त करन म्हणून. गुरुजीनं लिहून टाकलं एक जुलै एकोणसत्तर.

अभिजीत : मला का नाही सांगितलं कोणी?

अपर्णा : तू लहान होता, शाळेत बोलला असता. मंग मोठा झाला, तं सांगाचं राहूनच गेलं. सरकारी नोकरी होती बेटा. ती तारीख आमी देवासारखी सांभाळली.

अभिजीत : पण ॲपमध्ये ती कोणी भरली? मी तर बेल्टचा डबा देऊन त्याच दिवशी परत गेलो होतो.

अपर्णा : त्याईनंच, दुसऱ्या दिवशी. जन्मतारीख विचारली मोबाइलनं. ते हसले, म्हणे, ‘इथं तरी खरी टाकतो, इथं कोण पाहाले येते.’ मी म्हटलं नोका टाकू. याच मोबाइलवर तुमचं आधार आहे, सारं एकमेकाले जोडलेलं राहाते. दोन तारखा दिसल्या तं जांच लागन, बासष्टले रिटायर व्हाले सहा वर्सं आहेत अजून. त्याईनं मुकाट्यानं एकोणसत्तर टाकलं.

अभिजीत : आई...

अपर्णा : व्यायामाच्या मोबाइलले भेली मी.

अभिजीत : चार वर्षांनी किती फरक पडतो? तीन-चार ठोके. तीन-चार ठोक्यांनी माणूस जात नाही. ब्लॉकेज होतं त्यांना, डॉक्टरांनीच सांगितलं. आज नाही तर उद्या झालंच असतं.

अपर्णा : असन. पण माहं एक काम कर. त्याईच्या मोबाइलात पासष्ट टाकून दे.

अभिजीत : आता टाकून काय होणार?

अपर्णा : साल बदललं का मागचं सारं नव्या वयानं दाखवते म्हणे. बाजूच्या डिंपलले विचारलं मी. तिले बी तसाच बेल्ट आहे. माह्यानं बदलणं होत नाई. तू टाक आन त्या दिवसाचं काय दिसते ते सांग. मी नाई पाहात.

अभिजीत : नको आई. कशाला उकरून काढते?

अपर्णा : मंग मी उद्या परत चढतो त्या सायकलवर.

अभिजीत : तू नाही चढणार.

अपर्णा : तं टाक. हिरवं निघालं तं बेल्ट तुह्या हातात देतो. घेऊन जा नागपूरले.

(अपर्णा उठून खिडकीकडे तोंड करून उभी राहते.)

अभिजीत : टाकलं.

अपर्णा : पासष्ट?

अभिजीत : पासष्ट.

अपर्णा : आन तो दिवस?

अभिजीत : थांब, उघडून राहिलो. जुनं आहे, वेळ लागते.

अपर्णा : उघडलं?

अभिजीत : हो.

अपर्णा : मंग बोल ना.

अभिजीत : हिरवंच आहे. सगळं हिरवंच आहे आई. मी म्हटलं होतं ना. दे तो बेल्ट, बॅगेत टाकतो.

अपर्णा : देतो. पहिले पहिले माहा भरोसा नव्हता त्याच्यावर, माहीत आहे काय तुले? ते सायकलवर असले का मी मनगट धरून घड्याळात पाहून मोजायची. मोबाइल नव्वद म्हणे, तं माह्या बोटात बी नव्वदच येये.

अभिजीत : बरं.

अपर्णा : इकडं ये. हात दे.

अभिजीत : कशाला?

अपर्णा : दे म्हणतो ना.

अभिजीत : हिरवंच आहे, आई.

अपर्णा : मंग तुही नाडी अशी काहून पळून राहिली, बेटा?